पुसलेली फिल्म

ती फिल्म मी पुसली. चुकून नाही, कोणी सांगितलं म्हणूनही नाही. साबणाचं पाणी, स्पंज आणि माझे दोन हात. काम संपलं की फिल्म धुवून परत वापरायची, अशी आमच्याकडे पद्धत होती. मी फक्त पद्धत पाळली, असं स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. पण त्या दुपारी मी पद्धत पाळत नव्हतो. एका मुलीनं डोळे फोडून काढलेली अक्षरं मी नळाखाली धरली, पेन्सिलीचं राखाडी पाणी मोरीत गेलं, आणि मला बरं वाटलं. पुढचं सगळं त्या बरं वाटण्यातून आलं.

भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या अलीकडे, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांमध्ये पहिल्या मजल्यावर आमचा गाळा होता. खाली पत्रा लाटायचं मशीन, शेजारी पॉलिशवाले. त्यांचं काळं आमच्या खिडक्यांच्या जाळीवर बसायचं. आणि अशा जागी बसून आम्ही फ्रान्समधल्या चारशे वर्षांपूर्वीच्या छापील अक्षरांचे कॉम्प्युटरसाठी फॉन्ट बनवत होतो. गोष्ट नव्वद सालाच्या आसपासची. तेव्हा फॉन्ट हा शब्द कोणाला ठाऊक नव्हता. माझी बायको शेजाऱ्यांना सांगायची, "ते टायपिंगमधलं काहीतरी करतात."

काम पॅरिसच्या एका जुन्या छापखान्याचं होतं. दलालामार्फत आमच्या शेठकडे आलेलं. तिकडून कुरियरनं मोठे केलेले फोटो यायचे. एकच अक्षर, पण जुन्या पुस्तकाच्या वेगवेगळ्या पानांवरून उचललेलं. पोलादात कोरलेल्या ठशावरून ओतलेला शिशाचा टाईप, हातानं बनवलेला कागद, त्यामुळे प्रत्येक छाप निराळा. कुठे शाई पसरलेली, कुठे कमी पडलेली. त्यावर दुधी रंगाची प्लॅस्टिकची फिल्म ठेवायची आणि पेन्सिलीनं अक्षराची कड काढायची. मग ती फिल्म कॉम्प्युटरला जोडलेल्या पाटावर चिकटवून कडेवरचा एकेक बिंदू आत भरायचा. शेवटी प्लॉटर नावाचं मशीन ते अक्षर वीतभर उंचीचं कागदावर काढून द्यायचं. ते कागद तपासायचं काम माझं. मी आधी जाहिरातीची अक्षरं काढायचो. शिक्षण फारसं नाही, पण जुना म्हणून मुख्य.

शुक्रवारी आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीची वीज बंद असायची. कॉम्प्युटर झाकलेले, पण खालचं मशीनही थांबलेलं. इतर दिवशी ते चालू असलं की आमची टेबलं बारीक थरथरत. म्हणून सगळ्यात नाजूक रेघा आम्ही शुक्रवारसाठी राखून ठेवायचो. खिडकीशी टेबलं ओढायची आणि गुपचूप बसायचं. त्या दिवशी ती मुलगी पेन्सिल कशी धरते हे मी बघायचो. रेघ काढताना ती श्वास सोडायची नाही. रेघ संपली की मग सोडायची.

तिला तिथे मीच आणलं होतं. गोडदेवला आमच्या मागच्या चाळीत ती आणि तिची आई राहायच्या. मूळच्या मराठवाड्यातल्या, बौद्ध. वडील सरकारी खात्यात शिपाई होते, नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या जागी हिला घ्यायला खातं तयार होतं. पण हिनं कमर्शियल आर्टचा डिप्लोमा केलेला, आणि हिला अक्षरं काढायची होती. आईला ते पटेना. तेव्हा मी त्यांच्या खोलीत बसून म्हटलं होतं, "मावशी, एक वर्ष द्या तिला. जागा कुठे पळून जात नाही. हे काम तिला जमलं, तर जन्मभराचं होईल."

"आन् न्हाई जमलं तर?" मावशी म्हणाल्या.

"मी आहे ना."

मी आहे ना. असं बोलायला काय जातं?

तिला जमलं. इतकं जमलं की मला ते खटकायला लागलं. आम्ही मंडळी फोटोवर फिल्म ठेवून दिसेल ती कड काढायचो. ती तसं करायची नाही. एकाच डीचे दहा-बारा छाप एकावर एक ठेवून बघायची. "जे सगळ्यांत सारखं आहे ते पोलादातलं," ती म्हणायची. "जे एकातच आहे ती शाई. शाई सोडून द्यायची, दादा." फ्रेंच डीच्या पोटाला खाली डावीकडे किंचित चेप होती. सगळ्या छापांत होती.

"कोरणाऱ्याचा हात घसरला असेल," मी म्हटलं.

"असेल की. त्याची चूक असेल तर ती ठेवायची. आपली नाही घालायची त्यात."

बोलायला ती अशीच होती. शेठलाही तोंडावर सांगायची. कॉलेजात शिकलेली, अक्षरांचा इतिहास वाचलेली. मी विचारलं नाही तरी सांगायची.

आता वाटीचं सांगतो, कारण सगळं तिथे अडलं. आमच्या धंद्यात बी, डी, पी, क्यू या चार लहान अक्षरांच्या पोटाला वाटी म्हणत. जाहिरातीच्या कामात आम्ही एकच वाटी काढायचो. तिला काठी डावीकडे लावली की बी, उजवीकडे लावली की डी, उलटी फिरवली की पी आणि क्यू. एका अक्षराच्या मेहनतीत चार. मी हेच शिकलो होतो आणि हेच इतरांना शिकवलं होतं. फ्रेंच काम रेंगाळलं होतं, शेठ रोज विचारत होते, म्हणून मी तिला म्हटलं, "अगं, चार वेळा कशाला घासतेस? एक वाटी काढ आणि फिरव."

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "दादा, अक्षरं आहेत ही. वरणाच्या वाट्या नाहीत, एकात एक बसवायला."

गाळ्यातली सगळी हसली. प्लॉटरवाला तर टेबलावर डोकं ठेवून हसला. दुसऱ्या दिवशी चहा आला तेव्हा तो ओरडला, "वाटीवाल्या दादांना आधी द्या रे!" तो आमच्याच इमारतीत राहायचा. आठवड्याभरात माझ्या मुलानं जेवताना विचारलं, "बाबा, तुम्हाला वाटी का म्हणतात?"

ती हे सगळं विसरूनही गेली असेल. मी विसरलो नाही. चेष्टेत चेष्टा म्हणून तिच्याशी हसत राहिलो आणि आतल्या आत ते धरून बसलो. असा मी होतो, आणि हे लिहिताना स्वतःला त्याहून चांगला दाखवायची इच्छा नाही.

सहा डिसेंबरला ती आईबरोबर चैत्यभूमीला गेली. रजा आधीच सांगितलेली होती. लहान अक्षरं सगळी तिच्याकडे होती, वाटीची ही चारही धरून कॉम्प्युटरमध्ये भरून झाली होती, आणि पॅरिसहून छापखान्याचा माणूस स्वतः काम बघायला येणार असल्याचं ठरलं होतं. त्या दुपारी शेठ बाहेर होते, प्लॉटरवाला जेवायला गेला होता. मी तिची ती चार अक्षरं पडद्यावर काढली. चार पोटं, चारही निराळी. माझ्या डोळ्यांना ती वाकडी दिसली, किंवा तशी दिसावीत असं मला वाटत होतं. मी डीचं पोट घेतलं, चेप काढून गुळगुळीत केलं, आणि फिरवून फिरवून बाकीच्या तिघांत बसवलं. जुन्या फ्लॉपीवर तेच चढवलं. नवे कागद काढले आणि 'तपासलं' म्हणून ठेवून दिले. मग तिच्या फिल्म घेतल्या आणि मोरीशी गेलो.

मनात म्हटलं, बघू आता कोणाला फरक कळतो.

तो फ्रेंच माणूस नेमका शुक्रवारी आला. दलालानं विमानाच्या हिशेबानं दिवस ठरवला होता, विजेच्या नाही. शेठनी त्याला हायवेवरून काशीमिऱ्याकडून गाडीनं आणलं आणि गाळ्यात शिरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दाखवायला एकही कॉम्प्युटर चालू नाही. "पावर का थोडा प्रॉब्लेम," शेठ म्हणाले. म्हातारा उंच होता, अंगात जुना कोट, घामानं डबडबलेला. त्याला वीज नसल्याचं काही वाटलं नाही. त्यानं कागदांचा गठ्ठा मागितला आणि तो खिडकीशी गेला.

मोठी, कॅपिटल अक्षरं त्यानं बघितली, मान हलवली. ती दुसऱ्या एकाची होती. मग लहान अक्षरं. मुलगी शेजारीच उभी होती. तिला वाटत होतं आपलंच काम तो बघतोय. बीपाशी तो थांबला. क्यूचा कागद काढला. मग बीचा कागद उलटा फिरवून क्यूवर ठेवला आणि दोन्ही मिळून खिडकीच्या काचेवर धरले. उजेडात दोन पोटांचं एकच पोट दिसत होतं. केसाइतकाही फरक नाही. डी आणि पीचंही त्यानं तसंच केलं.

त्याचं इंग्रजी तोडकं होतं, माझंही तोडकं, त्यामुळे मला नीट कळलं. तो म्हणाला, हे मेलेलं आहे. आमचा माणूस चारशे वर्षांपूर्वीच मेला, पण त्याची अक्षरं जिवंत होती. तुम्ही ती मारलीत.

शेठनी आमच्याकडे वळून विचारलं, "स्मॉल लेटर किसने किया?"

तिनं कागद हातात घेतला होता. ती म्हणाली, "हे मी काढलेलं नाही."

"तो किसने काढा?"

तिनं माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं, कारण मी मुख्य होतो. मी म्हणालो, "लहान अक्षरं तिचीच आहेत, शेठ. तिलाच दिली होती."

ते वाक्य खरं होतं. लहान अक्षरं तिलाच दिलेली होती. म्हणून तर ते इतक्या सहज तोंडातून निघालं.

"माझी फिल्म कुठंय, दादा?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

"धुतली."

"कधी?"

"सहा तारखेला. कागद झाले होते ना."

तिनं हातातला कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "बरं."

तिनं टेबलावरच्या पेन्सिली डब्यात भरल्या. थांब, असं कोणी म्हटलं नाही. ती दाराबाहेर जिन्याशी चपला घालत होती. शेठ रागात होते. मला म्हणाले, "गलती मेरी है. इन लोगों के हाथ में इतना बारीक काम आएगा कहाँ से?"

दार उघडंच होतं. चपलेचा पट्टा लावणारा तिचा हात थांबला, हे मला दिसलं. आणि मी "हं" म्हणालो. होकार नाही, नकार नाही. शेठपुढे आपण जे म्हणतो ते. ती जिना उतरून गेली.

पुढच्या रविवारी सकाळी मावशी आमच्या घरी आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या, चहा नको म्हणाल्या. बायको आत गेल्यावर विचारलं, "बाबा, तू तिला न्हेलंस म्हणून तुलाच इचारते. ती मला काईच सांगंना. खरं सांग. तिला जमतच नव्हतं का?"

तेव्हा कोणी समोर नव्हतं. शेठ नव्हते, फ्रेंच नव्हता, प्लॉटरवाला नव्हता. खरं सांगायला मला कोणाची भीती नव्हती. मी म्हणालो, "मावशी, फार बारीक काम असतं ते. सगळ्यांनाच जमतं असं नाही."

त्यांनी मान हलवली. "वाटलंच मला," म्हणाल्या. "उगंच हट्ट केला पोरीनं. एक वरीस घालवलं." उठताना त्यांनी माझे आभार मानले.

पोलादातलं कुठलं आणि शाईतलं कुठलं, हे मी तिच्याकडून शिकलो होतो. त्या हिशेबानं गाळ्यातलं माझं बोलणं शाई म्हणता आलं असतं. घाईत पसरलं, हात घाबरला. रविवारचं वाक्य पोलादातलं होतं. तो मी होतो.

तिनं वडिलांच्या खात्यातली जागा घेतली. अक्षरं सुटली.

ती चार अक्षरं पुन्हा करायला मला दिली गेली. मी तेच फोटो घेऊन बसलो, शुक्रवारी खिडकीशी बसलो, छापावर छाप ठेवून बघितले. चेप दिसायची, पण माझ्या पेन्सिलीतून उतरायची नाही. कधी जास्त व्हायची, कधी खोटी वाटायची. पॅरिसहून कागद परत यायचे, कडेला लाल खुणा करून. शेवटी तिकडचे थकले असावेत. चालेल, असं कळवलं. 'चालेल' हाच शब्द होता.

वर्षभरानं फॉन्ट निघाला आणि नमुन्याची एक देखणी पुस्तिका आली. जाड कागद, पानभर अक्षरं. शेवटच्या पानावर नावं होती. चारशे वर्षांपूर्वी कोरणाऱ्याचं, छापखान्याचं, त्या म्हाताऱ्याचं. आमच्यापैकी कोणाचंच नाही. भाईंदरचं तर नाहीच. मी तिचं नाव पुसलं असं मला वाटत होतं. तिथे नाव यायचंच नव्हतं, ना तिचं, ना माझं. ज्या कामात मला कोणी वाटीवाला म्हणू नये म्हणून मी एवढं केलं, त्या कामात मी कोणी नव्हतोच.

पुढे दोन-तीन वर्षांत बाजारात सीडी आल्या. एका सीडीवर शेकडो फॉन्ट, चोरलेले. आमचाही त्यात होता. पैसे मोजून काम द्यायला कोणी येईना. शेठनी गाळा पॉलिशवाल्याला दिला. मी मीरा रोडला एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवायला लागलो. मुलगा मोठा झाला, वाटी विसरला. मावशी रस्त्यात दिसल्या की मी पलीकडच्या फुटपाथवर जायचो. त्यांना वाटायचं मी घाईत असतो. एकदा बायकोला म्हणाल्या होत्या, "तुजा मालक लई कामाचा मानूस."

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा माझी दाढ दुखायला लागली. स्टेशनजवळ नवा दवाखाना झाला होता. बाकड्यावर बसलो आणि समोरच्या पाटीवर ती अक्षरं दिसली. पाटी बनवणाऱ्यानं चोरीच्या सीडीतून घेतली असणार. लाल रंगात, सगळ्या लहान अक्षरांत इंग्रजी 'डेंटल', आणि त्यातला डी माझा. ती चेप मी ओळखली. माझी, खोटी. बाकीची अक्षरं एका घरातली वाटत होती आणि तो एकटा पाहुण्यासारखा उभा होता. दुसऱ्या कोणाला ते दिसलं नसतं. तिला दिसलं असतं. तीन वेळा त्या बाकड्यावर बसावं लागलं, तिन्ही वेळा तोच समोर.

तिसऱ्या वेळी दाढ काढली. गालात कापूस, अर्धं तोंड बधिर. घरी जायचं ते मागच्या गल्लीत, मावशींच्या घराकडे वळलो. चाळीच्या जागी इमारत झाली होती. ठरवून गेलो असं म्हणणार नाही. ठरवलं असतं तर बोलता येतं अशा दिवशी गेलो असतो.

दार तिनं उघडलं. नुकतीच ऑफिसातून आली असावी, खांद्याची पर्स अजून खांद्यावरच होती. केसांत थोडे पांढरे. "दादा?" म्हणाली. "गालाला काय झालं?"

मी दारातच बोलायला लागलो. सहा डिसेंबर, फ्लॉपी, मोरी. शब्द नीट निघत नव्हते, कापूस मध्ये येत होता. तिनं मला थांबवलं.

"माहितीये मला. तेव्हाच माहिती होतं. ती चेप गुळगुळीत करणारा दुसरा कोण असणार तिथे?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले की. हे मी काढलेलं नाही, म्हटलं ना? शेठ 'इन लोगों के हाथ में' म्हणाले, तेव्हा तुम्ही 'हं' म्हणालात." तिनं पर्स काढून खिळ्याला लावली. "मला कशाला सांगताय? मी काय करू त्याचं? आईला सांगा. अजून म्हणते, हात चालत नव्हता तर वर्ष कशाला घालवलंस. मागच्या महिन्यात माझी मुलगी रांगोळी काढत होती, तर तिला म्हणाली, आईवर जाऊ नको गं."

मावशी आत खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या. मला बघून हसल्या, सरकून जागा केली. मी म्हणालो, "मावशी, तुमची माफी मागायला आलोय."

"आँ?"

"तिला ऐकू येत नाही हल्ली," ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "मोठ्यानं बोला."

मी मोठ्यानं बोललो. जीभ जड, शब्द फुटके. मावशी म्हणाल्या, "दात काढलास व्हय? लोनी लाव बाबा, लोनी." मी खिडकीकडे बघितलं. ती उघडी होती, बाहेर गॅलरीत शेजारची बाई कपडे वाळत घालत होती. ती थांबून आत बघायला लागली. मी मावशींच्या लेकीकडे बघितलं. ती खिडकी लावायला पुढे आली नाही.

मी गालातला कापूस काढून रुमालात घेतला आणि ओरडलो. एकेक शब्द तोडून, खालच्या मजल्यावरही ऐकू जाईल असं.

"मावशी, तुमच्या लेकीला जमत होतं! तिच्यासारखं तिथे कोणालाच जमत नव्हतं. मला पण नाही. तिचं काम मी बिघडवलं. तिची फिल्म मी धुतली. तुम्ही माझ्या घरी येऊन विचारलंत, तेव्हा मी खोटं बोललो. तिला कमी समजू नका. मला माफ करा."